निरोपाचे शंभर पौंड

जेमायमा मकवाला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल, तर "एवढंसंच तर आहे" या वाक्याची. दूर उत्तरेकडच्या रानात, वापुस तळ्याच्या काठी सेहेचाळीस घरं, आणि सेहेचाळीस घरांतला एकूण एक माणूस तिच्या वजनकाट्यासमोर उभा राहून हेच वाक्य म्हणायचा. काखेत मूस हरणाच्या मांसाचं गाठोडं, हातात गोठलेल्या माशांचं पोतं आणि चेहऱ्यावर असा भाव की जसं काही बाळाचं झबलं पाठवतोय. "जेमायमा, एवढंसंच तर आहे गं. विमानाला काय कळतंय?"

"विमानाला कळतं," जेमायमा म्हणायची. "तुलाच कळत नाही."

एकोणीस वर्षं ती हे म्हणत होती. हे काम तिने मागून घेतलेलं नव्हतं. विमान कंपनीचा गावातला माणूस म्हणजे तिचा नवरा सायलस. तो एका हिवाळ्यात छातीत कळ येऊन गेला, आणि काटा, पावत्यांचं पुस्तक, रेडिओ सगळं तिच्याच पडवीत राहिलं. कंपनीचं कुणी न्यायला आलं नाही. पुढच्या आठवड्यात विमान उतरलं तेव्हा वैमानिकाने विचारलं, "वजनं कोण करणार?" आजूबाजूला उभ्या सगळ्यांनी जेमायमाकडे बघितलं. झालं. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. आता पन्नाशीला आली तरी गावाला तिचं बोलणं मेलं एकदाही पटलेलं नव्हतं.

काम काय थोडं होतं? तळं गोठलं की लोखंडी पहारीने जागोजागी भोकं पाडून बर्फाची जाडी बघायची. विमान येणार त्याच्या आदल्या दिवशी बर्फगाडीने धावपट्टी तुडवून घ्यायची, म्हणजे थंडीने ती आवळून घट्ट होते. दोन्ही बाजूंना स्प्रूस झाडांचे शेंडे तोडून रोवायचे, एका बाजूला चोवीस, म्हणजे पांढऱ्यात पांढरं असलं तरी वैमानिकाला पट्टी कुठे ते दिसतं. विमान उतरलं की त्याच्या स्कीखाली, म्हणजे चाकांऐवजी लावलेल्या घसरपट्ट्यांखाली, ओंडके सरकवायचे, नाहीतर त्या बर्फाला चिकटून बसतात आणि मग दहा माणसांनी शेपूट हलवली तरी सुटत नाहीत. आणि या सगळ्यानंतर वजनं. प्रत्येक माणूस, प्रत्येक पेटी, प्रत्येक पोतं.

पण वजनं करून उपयोग काय? तिच्या पडवीपासून विमानापर्यंत शंभर पावलं बर्फ होता, आणि त्या शंभर पावलांत गाव उभं असायचं. कुणीही गावातून निघालं की सगळ्या गावाने त्याच्याशी हात मिळवायचा, ही इथली रीत. कडेवरच्या पोरापासून दात पडलेल्या म्हाताऱ्यापर्यंत. हात मिळवला नाही तर माणूस रागावून गेला असं धरतात. आणि हात मिळवताना दुसऱ्या हाताने काय चालायचं हे जेमायमाला पडवीतूनही दिसायचं. शहरातल्या इस्पितळात गावाची चार-पाच माणसं कायम पडलेली. शिकायला गेलेली पोरं परक्यांच्या घरी राहणारी. त्यांच्यासाठी इकडून एक सुकं मांस, तिकडून एक ससा, कुणाच्या कोटाच्या अस्तरात दोन मासे. काट्यावर दीडशे पौंड भरलेला माणूस विमानात चढताना पावणेदोनशेचा झालेला असायचा आणि धड वाकताही यायचं नाही त्याला.

"अरे, निदान माझ्या डोळ्यांदेखत तरी करू नका," ती ओरडायची.

"काय केलं? हात मिळवला फक्त," असं म्हणून आबेल पुढे व्हायचा. आबेल गावातला सगळ्यात चांगला शिकारी आणि सगळ्यात आगाऊ माणूस.

शेवटी तिने एक तोड काढली होती. कागदावर विमान कधी पुरतं भरायचंच नाही. शंभर पौंड मोकळे ठेवायचे. निरोपाचे शंभर पौंड. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. वैमानिक आर्वोला कळलं होतं, पण तोही कधी बोलला नाही.

आर्वो नीमी थंडर बेचा, मूळ फिनलंडवाल्यांतला. वय अठ्ठावन्न. अकरा वर्षं या गावाला येत होता आणि अकरा वर्षांत सगळं मिळून तासभर बोलला असेल. वारा असला तरी यायचा, उणे चाळीस असलं तरी यायचा. आबेलच्या बायकोचं बाळंतपण अडलं तेव्हा दुसऱ्या कुणी विमान काढलं नसतं अशा धुक्यात तो झाडांच्या शेंड्यांवरून आला होता. त्यामुळे गावाचा त्याच्यावर इतका विश्वास, की तो असताना विमानात काहीही आणि कितीही कोंबलं तरी चालतं असं लोकांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. त्याच्या चांगलेपणाचाच मेला ताप झाला होता.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, मार्चच्या अखेरीस तीन दिवस ऊन पडलं. वरच्या बर्फाच्या भाराने खालचा थर दबला आणि पाणी वर आलं. वरून बघावं तर कोरडं पांढरं, पाय टाकावा तर आत लापशी. जेमायमाने बर्फगाडी फिरवली, पण रात्री थंडी म्हणावी तशी पडलीच नाही. सकाळी आर्वो उतरला तेव्हा तिने त्याला सांगितलं, "मधल्या भागात लापशी आहे. उजव्या झाडांना धरून जा."

आर्वो सगळी पट्टी पायी चालत गेला, चालत आला. टाचेने चार ठिकाणी उकरून बघितलं. "किती भरलंयस?"

"शंभर कमी."

"मग जाईल," आर्वो म्हणाला.

हिशेब बरोबर होता. चूक एवढीच, की आदल्या आठवड्यात आबेलने दोन मूस पाडले होते आणि ईस्टर तोंडावर आला होता. गावात घराघरांत मांस होतं आणि इस्पितळातली माणसं तिकडे उकडलेले बटाटे खात होती. काट्यापाशी झिपोरा आली. झिपोरा म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई, सगळ्यांची कोकुम, आजी. तिने चपट्या शेपटीचा अख्खा गोठलेला बीव्हर काट्यावर ठेवला. बावीस पौंड.

"कोकुम, नाही. पावती भरली."

"एवढंसंच तर आहे."

"बावीस पौंड आहे. नाही म्हणजे नाही. काल रेडिओवर ओरडून सांगितलं होतं मी."

"तुझा बापच आहे ना तिकडे?" झिपोरा म्हणाली. "टोबायस जेवत नाही म्हणतात. त्याच्यासाठीच आहे. तुला नको असेल तर राहू दे बाई." आणि बीव्हर उचलून ती सरळ हात मिळवायच्या रांगेत जाऊन उभी राहिली. जेमायमाने कपाळाला हात लावला. पाच प्रवासी होते. पाचही जण त्या रांगेतून गेले.

विमान सुटलं. जेमायमा नेहमीसारखी काठावर उभी राहून झाडं मोजत होती. मोकळं विमान नवव्या झाडाला उचलायचं. भरलेलं चौदाव्याला. एकदाच सतराव्याला गेलं होतं. चौदावं झाड गेलं. स्कीच्या मागे पाण्याचे फवारे उडत होते. सतरावं गेलं. शेपूट वर आली होती, पण पुढचा भाग जडच होता. विसावं गेलं, आणि तिला कळून चुकलं. आता थांबवायलाही जागा नव्हती. बाविसाव्या झाडाला विमान वीतभर उचललं, आपटलं, परत उचललं, आणि चोविसावं झाड उडवून काठावरच्या झुडपांत घुसलं. आवाज फार मोठा झाला नाही. एक पंख मात्र कागदासारखा मागे दुमडला.

गाव धावलं. जेमायमा सगळ्यांच्या पुढे. मांडीएवढ्या बर्फातून कशी पोचली ते तिलाही सांगता आलं नसतं. आर्वो दारातून अर्धा बाहेर लोंबत होता, भुवई फुटलेली, एक हात बरगडीवर. "सगळे आहेत?" त्याने विचारलं. सगळे होते. एका बाईचं मनगट मोडलं होतं, बाकीच्यांना मुका मार. कोटांत एवढं मांस खुपसलेलं, की मार बसायला जागाच नव्हती, असं आबेल नंतर म्हणाला.

जखमींना गावातल्या नर्सकडे नेलं. आणि त्याच गडबडीत, कुणी कुणाला न सांगता, जो तो आपापलं गाठोडं विमानातून काढून घरी घेऊन गेला. यात लबाडी नव्हती. कुत्री खातील, ऊन आहे, खराब होईल, एवढाच विचार. अर्ध्या तासात विमान असं साफ झालं होतं, जसं कारखान्यातून निघाल्यावर कधी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका लहान विमानाने सरकारी तपासनीस आला. पेंडर नाव. मोडलेल्या मनगटाच्या बाईला घेऊन ते लहान विमान परत गेलं, चौथ्या दिवशी येऊन पेंडरला आणि आर्वोला नेणार होतं. पेंडर माणूस वाईट नव्हता, पण बोलण्यात ओलावा म्हणून नव्हता. त्याने खुणा मोजल्या, लापशीची खोली मोजली, विमानात उरलेलं सामान जेमायमाच्याच काट्यावर परत तोललं आणि तिची पावती शेजारी ठेवली.

"पौंडाचाही फरक नाही," तो म्हणाला. "उलट शंभर पौंड कमीच भरलंय. काम चोख आहे तुमचं."

जेमायमाने पावती उचलून परत वाचली.

"एवढ्या वजनाला या लापशीतून विमान सोळा-सतराव्या झाडापाशी उचलायला हवं होतं. उचललं नाही, याचा अर्थ वैमानिकाने काहीतरी चुकवलं. वय झालंय. परवाना काढून घ्यावा लागेल."

अठ्ठावन्नाव्या वर्षी गेलेला परवाना परत येत नाही, हे जेमायमालाही ठाऊक होतं. ती तडक नर्सच्या खोलीत गेली. आर्वो पट्ट्या बांधून पडला होता.

"बोल की त्याला," ती म्हणाली. "का तोंड शिवून बसलायस?"

"काय बोलू?"

"मांस होतं म्हणून सांग. चार-पाचशे पौंड मांस होतं."

आर्वो छताकडे बघत म्हणाला, "सांगितलं की कागदावर येईल. कागदावर आलं की बंदी येईल. मग तुझा बाप काय खाईल?" मग म्हणाला, "आणि पावतीवर सही तुझी आहे."

"माझी सही माझी मी बघेन. तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"ओरडू नकोस. बरगड्या दुखतात."

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हा माणूस आपलं विमान घालवून बसला होता आणि वर तिला वाचवत होता. तिने तिथल्या तिथे ठरवलं, घरोघर जायचं आणि मांस परत गोळा करायचं. पेंडरसमोर ढीग घालायचा.

पहिलं घर झिपोराचं. आत पाऊल टाकताच बीव्हर शिजल्याचा वास आला.

"कोकुम, तो बीव्हर दे. तपासनीसाला दाखवायचाय."

"कसला बीव्हर?" झिपोरा म्हणाली आणि झाकण उचलून पातेलं ढवळलं. "बस, जेव. तोंड किती उतरलंय तुझं."

"आर्वोचं विमान जाईल, कळतंय का? परत कधी उडवता येणार नाही त्याला."

"आर्वो चांगला माणूस आहे," झिपोरा म्हणाली आणि तिच्यापुढे ताटली ठेवली. म्हाताऱ्या माणसाने पुढे केलेलं अन्न इथे कुणी नाकारत नाही. जेमायमाने पुरावा खाल्ला. चविष्ट होता, त्याचा तिला आणखी राग आला.

दुसऱ्या घरी रस्सा. तिसऱ्या घरी भाजलेलं मांस आणि मैद्याची गरम बॅनक-भाकरी. चौथ्या घरात दार उघडलं ते पोराने, आणि "आई म्हणते आमच्याकडे मांस नाही" असं तोंडात घास ठेवून सांगितलं. आबेलच्या घरी मागच्या तंगडीचं हाड चुलीपाशी दिसतच होतं.

"हे काय आहे?"

"हाड," आबेल म्हणाला.

"त्या दिवशी विमानात होतं की नाही?"

"मी फक्त हात मिळवला." मग जरा मान खाली घालून म्हणाला, "हे बघ जेमायमा, एकदा सरकारला कळलं की संपलं. माझा पोरगा तिकडे शाळेत आहे. पत्रात दुसरं काही लिहितच नाही, फक्त खायचं लिहितो. आर्वोला मी माझी बर्फगाडी देतो, बंदूक देतो, काय मागेल ते देतो. हे नको सांगायला लावू."

सहा घरं झाली तेव्हा जेमायमाला चालवत नव्हतं, इतकं पोट भरलं होतं. पुरावा म्हणून हातात एक हाडसुद्धा नव्हतं. घरी येऊन ती पडवीत काट्याच्या फळीवरच बसली. काटा तिचं वजन दाखवू लागला, तिने तिकडे बघितलं नाही.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, जी ती दिवसभर स्वतःपासूनही लपवत होती. त्या दिवशी विमानात तिचंही गाठोडं होतं. जानेवारीत तिचा बाप टोबायस खुब्याचं हाड मोडून इस्पितळात गेला होता, आणि दर आठवड्याला रेडिओवर तीच खबर यायची, म्हातारा जेवत नाही. त्याला आवडायचं मूसचं नाक. आबेलने मूस पाडल्यावर तिने एक नाक मागून आणलं, जाळलं, सोललं, उकळलं, चरबीत घोळवलं आणि मैद्याच्या धुतलेल्या पिशवीत बांधलं. घरी कुणी नसताना तोललंही होतं. साडेअकरा पौंड. पण सगळ्या गावासमोर झिपोराचा बीव्हर परत पाठवल्यावर स्वतःची पिशवी कुठल्या तोंडाने काट्यावर ठेवणार? मग तीही शंभर पावलं चालत रांगेत गेली. तिनेही हात मिळवला. आणि विमान आपटल्यावर सगळ्यांच्या पुढे धावून, आर्वोला खाली उतरवून झाल्यावर, तिनेही आपली पिशवी शोधून काढली होती. पिशवी आता घरामागच्या फळकुटांच्या खोपटात टांगलेली होती. सहा घरांत जाऊन ती सहा घरांना शिव्या घालून आली होती, आणि स्वतःचं नाक तिकडे टांगलेलं. स्वतःची इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी लहान विमान आलं. जेमायमाने पेंडरला तोललं, एकशे अठ्ठ्याहत्तर. त्याची मोजमापांची पेटी, सेहेचाळीस. आर्वो आणि त्याची अवजारांची पिशवी. मोडलेल्या विमानातले दोन-तीन तुकडे. विमान लहान, तिने पावतीवर वीसच पौंड मोकळे ठेवले. पेंडरने अहवालाची वही कोटात घातली, तिचे आभार मानले आणि तो विमानाकडे निघाला.

समोर गाव उभं होतं. सगळं गाव.

पेंडरला वाटलं आपला मान राखतायत. त्याने हातमोजा काढला आणि झिपोराने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. मग जेमायमाला दिसलं, की म्हातारीने एक हात सोडून त्याच्या कोटात काहीतरी खुपसलं. "टोबायसला दे," ती त्याला म्हणाली. "एवढंसंच आहे." पेंडर गोंधळून हसला. परक्या गावात म्हातारीला नाही कसं म्हणणार? मग आबेल. मग आबेलची बायको. कुणी काखेत, कुणी खिशात, कुणी पाठीवरच्या पिशवीत. आर्वोच्या मोडक्या बरगड्या सांभाळून त्याच्याही कोटात. तीन दिवसांपूर्वी याच मांसाने विमान पाडलं होतं, दोन दिवस गाव मूग गिळून बसलं होतं, आणि आज तपासनीसाच्याच अंगावर तेच मांस लादत होतं. कारण मागच्या खेपेचं पोचलं नव्हतं ना.

जेमायमाला आधी हसू आलं, मग रडू, आणि मग असा संताप आला की ती पडवीतून बाहेर पडून सगळी शंभर पावलं तरातरा चालत गेली आणि तिने तपासनीसाच्या दंडाला धरलं.

"साहेब, परत चला."

"काय झालं?"

"काट्यावर चला."

मागोमाग सगळं गाव आलं. पेंडर फळीवर चढला. काटा थरथरला आणि थांबला. दोनशे एक्केचाळीस.

पेंडरने वाकून बघितलं. कोट चाचपला. एका खिशातून सशाचा पाय बाहेर आला होता.

"शंभर पावलांत त्रेसष्ट पौंड," जेमायमा म्हणाली. "तुम्ही एकटे, आणि परके. त्या दिवशी पाच जण होते, घरचे."

पेंडरने वही काढली. "त्या दिवशी किती होतं?" त्याने सगळ्यांना विचारलं. जो तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. मग जेमायमाने स्वतःच्या कोटाच्या गुंड्या सोडल्या, मैद्याची पिशवी काढली आणि काट्यावर ठेवली. आजही ती घेऊन आली होती, आणि रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहणार होती.

"साडेअकरा," ती म्हणाली. "माझ्या बापासाठी. त्या दिवशीही विमानात होतं. पावतीवर लिहिलं नाही. सही माझी आहे."

तिला वाटलं आता गाव तिच्या अंगावर धावून येईल. पण झिपोरा पुढे आली. "माझा बीव्हर बावीस होता," ती पेंडरला म्हणाली. "हिनेच तोलला आणि नको म्हणाली. तिच्यावर राग काढू नका."

"मागची तंगडी," आबेल बुटांकडे बघतच म्हणाला. "सत्तर धरा."

मग एकेक जण सांगत गेला. मासे तीस. बरगड्या चाळीस. सुकं मांस, नक्की माहीत नाही, उशीएवढं होतं. पेंडर लिहीत होता. बेरीज चारशे तीसवर गेली.

"वैमानिकाला हे माहीत होतं?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी आर्वोकडे बघितलं. "शंभर माहीत होते," आर्वो म्हणाला. "दर वेळी शंभर असतात. त्यासाठी ही बाई शंभर कमी भरते."

पेंडरने वही मिटली. बर्फावर थोडा वेळ इकडून तिकडे फिरला आणि परत आला. "हे विमान लहान आहे," तो म्हणाला. "किती उतरवायला लागेल?"

"तुमच्या अंगावर त्रेसष्ट, आर्वोच्या अंगावर किती ते बघते," जेमायमा म्हणाली. तिने आर्वोला तोललं. सगळं मिळून नव्वद झालं. सत्तर उतरवायला हवे होते. तिने मोडक्या विमानाचे चोवीस पौंडांचे तुकडे उतरवले, ते पुढे मागे केव्हाही जाऊ शकत होते. पेंडरने आपली पेटी स्वतःच पडवीत ठेवली आणि म्हणाला की रेडिओवर सांगा, दुसरं कुणी येईल न्यायला. तरी तिची मैद्याची पिशवी धरली तर साडेअकरा जास्तच होत होते. कुणाचं उतरवायचं याचा तिने विचारही केला नाही. स्वतःची पिशवी उचलली आणि कोटात घालायला लागली.

आर्वोने काखेतली अवजारांची पिशवी काढून काट्याजवळ ठेवली. अकरा वर्षं ती त्याच्या हातून सुटलेली कुणी बघितली नव्हती.

"ही राहू दे," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला नेईन."

तिने पिशवी तोलली. चौदा. मग नाकाची पिशवी त्याच्या हातात दिली आणि त्याच्याशी हात मिळवला. फक्त हात.

आर्वोचं उड्डाण तीन महिने बंद राहिलं, परवाना वाचला. जेमायमाला मे महिन्यात कंपनीचं पत्र आलं, की काट्याचं काम यापुढे आबेलकडे. तिने किल्ली दिली आणि आठवडाभर शांत झोपली. तिसऱ्या आठवड्यात आबेल दारात उभा. "ही माणसं आहेत का कोण?" तो म्हणाला. "कुणी ऐकतच नाही. वर म्हणतात एवढंसंच तर आहे. डोकं फिरायची वेळ आली." त्याने किल्ली टेबलावर टाकली, चहा प्यायला आणि गेला. कंपनीने पुढे काही विचारलं नाही. जेमायमाने दुसऱ्याच दिवशी चार माणसं लावून काटा पडवीतून उचलला आणि शंभर पावलं पलीकडे, पार पाण्याच्या कडेला नेऊन ठेवला. आधी हात मिळवा, मग काट्यावर चढा. एकोणीस वर्षांत ही साधी गोष्ट सुचली नव्हती, त्याबद्दलही ती स्वतःवर चिडलीच.

जूनअखेर बर्फ जाऊन तळं मोकळं झालं होतं, तेव्हा आर्वो पाण्यावर उतरणारं विमान घेऊन आला. अवजारांची पिशवी तिने आणूनच ठेवली होती. त्याने ती उघडून एकेक पान्हा बघितला, जसं काही तिने चोरलाच असता. मग खिशातून घडी केलेलं कापड काढून तिला दिलं. मैद्याची पिशवी. धुतलेली.

"खाल्लं?" तिने विचारलं.

"सगळं. दोन दिवसांत. तिकडच्या नर्सला लावू दिला नाही हात." एवढं बोलायची आर्वोला सवय नव्हती. "निरोप दिलाय तुला म्हाताऱ्याने. म्हणाला, नाक नीट जाळलं नव्हतंस. तीन वेळा केस आले दाताखाली."

"मी एकटीने काय काय बघायचं?" जेमायमा ओरडली. "धावपट्टी मी तुडवायची, झाडं मी रोवायची, वजनं मी करायची, आणि वर याचे केस मी मोजायचे?" पिशवी तोंडाशी धरून ती काठावर उभ्या उभ्या रडायला लागली, आणि गाव तिच्याकडे बघत राहिलं.

थोड्या वेळाने झिपोराने तिचा कोट ओढला. "जेमायमा, काटा मोकळा आहे का?" ती म्हणाली. "हे टोबायसला. एवढंसंच आहे."